पदवीच्या वर्गात असतानाच परदेशात स्वतंत्र संशोधन : कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी अठरा महिन्यांची तयारी

जानेवारीच्या अखेरीस एखादा विद्यार्थी विभागात येतो आणि "सर, येत्या मेमध्ये संशोधनासाठी जर्मनीला जायचं आहे, कोणती स्कॉलरशिप भरू?" असे विचारतो. त्या उन्हाळ्यासाठीच्या बहुतेक अर्जांची मुदत तोपर्यंत उलटून गेलेली असते, त्यामुळे मला त्याला नाराज करणारे उत्तर द्यावे लागते. असे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. त्यांच्या गुणवत्तेत काही उणे नसते. कोणत्या महिन्यात काय करायचे हे त्यांना वेळेवर कोणी सांगितलेले नसते, एवढेच. मोठ्या शहरांतल्या नामांकित संस्थांमध्ये ही माहिती वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून खालच्या वर्गाकडे आपोआप पोहोचते. आपल्याकडे ती साखळी अजून तयार व्हायची आहे, म्हणून येथे सर्व टप्पे सविस्तर मांडले आहेत.

हा लेख पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे बी.ए., बी.एस्सी., बी.टेक. किंवा चार वर्षांच्या ऑनर्स अभ्यासक्रमात सध्या शिकत असलेल्यांसाठी आहे. परदेशात पूर्ण पदवी घेण्याचा विषय वेगळा आहे, आणि या दोहोंची गल्लत वारंवार होते. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशात पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. करण्यासाठी मिळते, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही त्याच पातळीसाठी आहे. पदवीच्या मधल्या सुट्टीत दोन-तीन महिने संशोधन करण्यासाठी या योजना लागू होत नाहीत. त्यांची माहिती पुढच्या शिक्षणासाठी जपून ठेवावी आणि आत्ताचा शोध वेगळ्या दिशेने सुरू करावा.

क्रम उलटा करा

बहुतेक विद्यार्थी शिष्यवृत्त्यांच्या यादीपासून सुरुवात करतात आणि यादीत बसेल असा विषय नंतर शोधतात. माझ्या अनुभवात टिकणारा क्रम याच्या उलट आहे : आधी एक नेमका प्रश्न, मग त्या प्रश्नावर काम करणारे परदेशातील प्राध्यापक, आणि त्यानंतर तो प्रवास कोणत्या निधीतून करायचा याचा विचार. याचे कारण व्यवहारी आहे. स्वतंत्र प्रकल्पाला पैसे देणाऱ्या अनेक योजनांमध्ये अर्जासोबत यजमान प्राध्यापकांचे निमंत्रणपत्र जोडावे लागते, आणि "तुमच्याकडे जे काम असेल ते करायला तयार आहे" असे लिहिणाऱ्या अनोळखी विद्यार्थ्याला कोणी सहसा निमंत्रण देत नाही.

वेळेचे गणितही यावरूनच ठरते. तिसऱ्या वर्षानंतरच्या मे महिन्यात जायचे असेल, तर तयारी दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली पाहिजे. नोव्हेंबर ते जून हा काळ प्रश्न शोधणे, वाचन आणि इथेच केलेले एक लहानसे काम यांसाठी. जुलै ते सप्टेंबर प्राध्यापकांशी पत्रव्यवहारासाठी. सप्टेंबर ते जानेवारी अर्जांसाठी. आणि उरलेले महिने व्हिसासाठी. पासपोर्ट मात्र पहिल्याच महिन्यात काढायला टाकावा.

कोणत्या वर्षानंतर जायचे, हेही विचारपूर्वक ठरवावे. बऱ्याच योजनांना प्रकल्पाच्या काळात विद्यार्थी आपल्या संस्थेत नोंदणीकृत असावा लागतो. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याने अंतिम परीक्षेनंतरचा उन्हाळा निवडला, तर तो कोठेच विद्यार्थी नसतो आणि याच एका अटीवर अर्ज बाद होतो. अशांनी दुसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा धरावा आणि तयारी पहिल्या वर्षीच सुरू करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. ज्यांना ही वाट धरायची आहे, त्यांच्यासाठी तिसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा सर्वांत चांगला, कारण परदेशात सुरू केलेले काम चौथ्या वर्षाच्या प्रकल्पात पुढे नेता येते.

प्रश्न कसा घडवावा

या टप्प्यावर विद्यार्थी सर्वांत कमी वेळ देतात, म्हणून मी येथे थोडे अधिक थांबतो.

विषय आणि प्रश्न या वेगळ्या गोष्टी आहेत. "पंचगंगेचा पूर" हा विषय झाला. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या आपल्या पिढीला त्यावर काम करावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण एवढ्यावर कोणाला पत्र लिहिता येत नाही. आता त्याच विषयाच्या आत शिरून पाहू. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी दररोज जाहीर होते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे, हे शहरातल्या लहान मुलालाही पाठ असते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि ते कधी उघडले, कधी बंद झाले याच्याही बातम्या त्या त्या वेळी येतात. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की प्रश्न आकार घेऊ लागतो : राधानगरीतून भोगावतीत सुटलेले पाणी राजाराम बंधाऱ्यापर्यंत पोहोचायला किती तास लागतात, आणि कासारी, कुंभी व तुळशी या नद्यांनी पात्र आधीच भरलेले असताना हा वेळ किती बदलतो?

या प्रश्नाचे गुण लक्षात घ्या. त्याचे उत्तर संख्येत मिळते. त्यासाठी लागणाऱ्या नोंदींपैकी काही तुम्ही स्वतः आधीच गोळा करू शकता. दहा-बारा आठवड्यांत त्याचा निदान एक भाग पूर्ण होऊ शकतो. आणि त्यात परदेशी प्राध्यापकांकडून शिकण्यासारखे काहीतरी आहे, कारण नदीतील प्रवाहाचे गणिती प्रारूप कसे उभारायचे हे तुम्हाला अजून येत नाही आणि त्यांच्या गटाला येते. "हे काम परदेशात जाऊनच का करायचे?" या प्रश्नाचे उत्तर तुमच्या प्रस्तावात स्पष्ट असावे लागते, ते असे मिळते. प्रश्न इथला, पद्धत तिथली.

आपल्या जिल्ह्यात अशा प्रश्नांना तोटा नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमधून बाहेर पडणाऱ्या वापरलेल्या वाळूचे पुढे काय करता येईल, हा पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकी या तिन्हींचा विषय आहे. इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगातील सांडपाण्यामधले रंग, रंकाळ्यातील जलपर्णी आणि पोषकद्रव्यांचे प्रमाण, राधानगरीच्या जंगलाकाठच्या शेतांत उतरणारे गवे, गुऱ्हाळातील चुलवाणाची ऊर्जाक्षमता, भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्या कारागिरांच्या उत्पन्नात पडलेला फरक, अशा कितीतरी गोष्टी डोळ्यांसमोर आहेत. पाणी अडवण्याची आपली पद्धत तर राज्यभर "कोल्हापूर पद्धतीचा बंधारा" याच नावाने ओळखली जाते. प्रश्न स्थानिक असला म्हणजे तो लहान ठरेल, ही भीती अनाठायी आहे. परदेशातल्या प्रयोगशाळेला न मिळणारी नोंद आणि न दिसणारी परिस्थिती तुमच्याजवळ असते, आणि अर्जात तुमचे वेगळेपण तेच ठरते.

मात्र तुमचा कल गणित, सैद्धांतिक भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्राकडे असेल, तर ओढूनताणून स्थानिक संदर्भ जोडू नये. तेथे तुमच्या प्रश्नाची नेमकेपणाने केलेली मांडणी पुरेशी आहे.

वाचन आणि इथले पहिले काम

प्रश्नाचा पहिला मसुदा झाला की त्यावरचे पंधरा-वीस शोधनिबंध वाचावेत. सगळे शब्दन् शब्द वाचायचे नसतात. सारांश, पद्धती आणि शेवटी दिलेल्या मर्यादा हे तीन भाग काळजीपूर्वक वाचावेत, आणि प्रत्येकाची चार ओळींची नोंद स्वतःच्या शब्दांत, मराठीत असली तरी चालेल, पण लिहून ठेवावी. महागडी नियतकालिके मिळत नाहीत ही अडचण आता बरीच कमी झाली आहे. "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" या केंद्र शासनाच्या योजनेतून २०२५ पासून केंद्र आणि राज्य शासनांच्या उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध झाली आहेत. तुमचे महाविद्यालय खासगी असेल, तर शिवाजी विद्यापीठातील बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात जाऊन वाचनाची परवानगी मागावी. त्यासाठी प्राचार्यांचे पत्र सोबत असलेले बरे.

यानंतर इथेच एक लहान काम पूर्ण करावे. परदेशी प्राध्यापकांना तुमच्या गुणांपेक्षा एक गोष्ट अधिक पाहायची असते : या मुलाने किंवा मुलीने याआधी एखादे काम सुरू करून शेवटास नेले आहे का. पूर्ण झालेले लहान काम अर्धवट राहिलेल्या मोठ्या कामापेक्षा कितीतरी उपयोगी पडते. वरच्या उदाहरणात दोन पावसाळ्यांच्या पाणीपातळीच्या नोंदी एका तक्त्यात आणून त्यांचे आलेख काढणे आणि त्यांवर आठ पानांचा अहवाल लिहिणे, एवढे पुरे आहे. महाविद्यालयात सोय नसेल तर विद्यापीठातील संबंधित विभागात विचारावे. थिन फिल्म (पदार्थांचे अतिपातळ थर) आणि वनस्पतींचे वर्गीकरण या विषयांत आपल्या विद्यापीठात दीर्घकाळ काम झालेले आहे, आणि सुट्टीत येऊन मदत करू इच्छिणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला तेथील संशोधक सहसा परत पाठवत नाहीत.

देशातील उन्हाळी शिष्यवृत्ती हीसुद्धा एक भक्कम पायरी आहे. भारतीय विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीत दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करता येते. बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्याही अशा योजना आहेत. दुसऱ्या वर्षानंतर यांपैकी एक मिळाली, तर तिसऱ्या वर्षाच्या अर्जाला जे शिफारसपत्र मिळते त्याचे वजन वेगळे असते.

यजमान प्राध्यापकांना पत्र

ज्यांचे निबंध तुम्ही खरोखर वाचले आहेत, अशा आठ-दहा प्राध्यापकांची यादी करा. निबंधावर पत्रव्यवहारासाठी ज्यांचा ई-मेल दिलेला असतो ते बहुधा गटप्रमुख असतात. त्यांच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांसाठी सूचना आहेत का ते पाहा. "उन्हाळी विद्यार्थी घेत नाही" असे स्पष्ट लिहिले असेल तर तेथे लिहू नये. एकच मजकूर दोनशे जणांना पाठवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ होत चालली आहे, आणि तिचा तोटा पाठवणाऱ्यापुरता राहत नाही; भारतातून आलेले प्रत्येकच पत्र न वाचता बाजूला टाकण्याची सवय त्या प्राध्यापकांना लागते आणि पुढच्या प्रामाणिक विद्यार्थ्याची वाट बंद होते.

पत्र इंग्रजीतच जाईल, पण त्याचा आशय आधी मराठीत पक्का करावा असे मी सुचवतो, कारण विचार स्पष्ट नसला की तो इंग्रजीच्या ठरावीक गोड वाक्यांमागे लपून जातो. आशय साधारण असा असावा :

"मी कोल्हापूर येथे स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. आमच्या शहरातून वाहणाऱ्या नदीला २०१९ आणि २०२१ मध्ये मोठे पूर आले. धरणातून सुटलेले पाणी शहरापर्यंत किती तासांत पोहोचते, याच्या दोन पावसाळ्यांच्या नोंदी मी एकत्र केल्या असून त्यांचा अहवाल सोबत जोडला आहे. उपनद्यांचे पाणी एकत्र आल्यावर माझा साधा हिशोब चुकतो, असे मला आढळले. आपल्या निबंधात संगमापाशी मागे फुगणाऱ्या पाण्याचा विचार ज्या पद्धतीने केला आहे, ती येथे लागू पडेल का, हे मला तपासायचे आहे. पुढील वर्षी जूनच्या मध्यापासून दहा आठवडे आपल्या गटात हे काम करता येईल का? निधीसाठी मी अमुक शिष्यवृत्तीला अर्ज करणार असून त्याला आपले निमंत्रणपत्र लागते व त्याची मुदत अमुक तारखेला आहे."

एवढ्यात सगळे आले : तुम्ही कोण, काय केले, कोठे अडलात, त्यांच्याच कामाशी संबंध कसा, किती दिवस, पैसे कोठून, आणि त्यांना नेमके काय करावे लागेल. सोबत एक पानाची माहिती, गुणपत्रिका आणि अहवाल, सर्व पीडीएफ स्वरूपात. फाइलच्या नावात स्वतःचे नाव असावे. पत्राची सुरुवात "रिस्पेक्टेड सर" अशी न करता प्राध्यापकांच्या आडनावाने करावी. समोरची व्यक्ती स्त्री आहे की पुरुष हे गृहीत धरल्यामुळे होणारी चूक त्याने टळते.

दहा-बारा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदाच, दोन ओळींची आठवण पाठवावी. त्यानंतर पुढच्या नावाकडे वळावे. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातील अनेकजण सुट्टीवर असतात, त्यामुळे मौनाचा अर्थ लगेच नकार असा घेऊ नये. होकार आला की बहुधा व्हिडिओ कॉलवर वीस-पंचवीस मिनिटे बोलणे होते. तेथे इंग्रजी अडखळले तरी चालते. स्वतःच्या अहवालातील आलेखाचा अक्ष कोणता आणि नोंद चुकली तर काय केले, हे सांगता आले नाही तर मात्र चालत नाही.

एक सावधगिरीची सूचना. निवडपत्र किंवा "संशोधन इंटर्नशिप" देण्यासाठी विद्यार्थ्याकडूनच मोठी रक्कम मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. खऱ्या शिष्यवृत्तीत पैसा तुमच्याकडे येतो.

कोणत्या योजना पाहाव्यात

योजना तीन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात प्रश्न आणि यजमान तुम्हीच आणायचे असतात. जर्मनीच्या डीएएडीची (जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण सेवा) वाइज ही योजना विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे. कालावधी दोन ते तीन महिने, यजमानांचे निमंत्रणपत्र आवश्यक, आणि अर्जाची मुदत साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते. आपली संस्था त्या वर्षीच्या पात्रतेत बसते का, हे आधी पाहून घ्यावे. फ्रान्सची शार्पाक लॅब शिष्यवृत्ती याच धर्तीची आहे. १९९२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या जॉर्ज शार्पाक यांचे नाव तिला दिलेले आहे, आणि तेथेही फ्रान्समधील प्रयोगशाळेचे स्वीकृतीपत्र आधी मिळवावे लागते. अमेरिकेतील कॅलटेकचा सर्फ हा उपक्रम १९७९ पासून चालू आहे. दहा आठवड्यांच्या या उपक्रमात विद्यार्थी मार्गदर्शकाशी चर्चा करून स्वतः प्रस्ताव लिहितो, आणि मार्गदर्शक मिळाल्यास बाहेरच्या संस्थांतील विद्यार्थ्यांनाही संधी असते. स्वतंत्र संशोधनाची खरी सवय या प्रकारात लागते, म्हणून माझा कल याच्याकडे आहे.

दुसऱ्या प्रकारात जाहीर झालेल्या प्रकल्पांतून निवड करायची असते. कॅनडाचा मिटॅक्स ग्लोबलिंक हा त्यातला सर्वांत परिचित. कालावधी बारा आठवडे, आणि अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमारास बंद होतात. तिसऱ्या प्रकारात संस्थेच्या स्वतःच्या योजना येतात. जपानमधील ओकिनावा विज्ञान व तंत्रज्ञान संस्था वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अर्ज घेते आणि प्रवास, निवास व दैनंदिन भत्ता देते. सौदी अरेबियातील कौस्ट विद्यापीठात तीन ते सहा महिन्यांसाठी विद्यार्थी घेतले जातात. टोकियो विद्यापीठाचा युट्रिप हा संशोधन उपक्रम, ऑस्ट्रियातील आयएसटीए या विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेचा उन्हाळी उपक्रम हेही पाहण्यासारखे आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा उन्हाळी कार्यक्रम भौतिकशास्त्र, संगणक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी असून विद्यापीठीय शिक्षणाची तीन वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

ज्या योजनांत आपला वेळ वाया जातो त्याही सांगतो. डीएएडीची राइज जर्मनी ही योजना उत्तर अमेरिका, ब्रिटन आणि आयर्लंड येथील विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी आहे. नावातील साम्यामुळे आपले विद्यार्थी तिची माहिती वाचत बसतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या आरईयू (पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी संशोधन अनुभव) जागांवरचा निधी बहुतांशी तेथील नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी राखीव असतो.

कला आणि सामाजिक शास्त्रांसाठी तयार योजना फार कमी आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील संस्थानकालीन कागदपत्रे पाहून घ्यावीत आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात त्यांचा कोणता धागा पुढे सापडतो, अशा नेमक्या कारणासह तेथील विभागांना लहान प्रवास-निधीबद्दल विचारावे. माणगावच्या १९२० च्या परिषदेनंतर त्याच वर्षी डॉ. आंबेडकर पुढील शिक्षणासाठी पुन्हा लंडनला गेले, तेव्हा त्यांना शाहू महाराजांचे आर्थिक साहाय्य होते. या भूमीतून परदेशी अभ्यासाला मदत देण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे, आणि शहरातील न्यासांकडे विनंती घेऊन जाताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

प्रस्ताव

दोन पानांपेक्षा मोठा नको. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात आजवर इतरांनी काय केले, नंतर पद्धत, आणि त्यानंतर आठवड्यांचे वेळापत्रक. वेळापत्रकातील शेवटचे दोन आठवडे लेखनासाठी मोकळे ठेवावेत. "मूळ बेत फसला तर काय" यासाठी चार ओळींचा पर्याय जरूर लिहावा : उपनद्यांच्या नोंदी मिळाल्या नाहीत तर एकाच नदीपुरते काम मर्यादित करीन, अशा स्वरूपाचा. परीक्षकांना त्यातून विद्यार्थ्याची समज दिसते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून संपूर्ण प्रस्ताव लिहून घेऊ नये. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

कागदपत्रे : नावापासून सुरुवात

आपल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि कधी आईचे नाव छापलेले असते. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच रकाने असतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर तिसरे, हा प्रकार इतका सर्रास आढळतो की मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी तिन्ही कागद एकाशेजारी एक ठेवायला सांगतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक होता. ती दुरुस्ती होईपर्यंत निमंत्रणपत्र हातात असूनही अर्जाची तारीख निघून गेली. त्यानंतर मी हा मुद्दा कधीच शेवटी ठेवलेला नाही.

कोल्हापुरात टपाल खात्याचे पासपोर्ट सेवा केंद्र असल्यामुळे पासपोर्टसाठी पुण्याला जावे लागत नाही. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टचे नेहमीचे शुल्क १,५०० रुपये आहे. शिक्षणासाठी खोली घेऊन राहत असाल, तर कोणता पत्ता द्यायचा हे आधी ठरवा, कारण पोलीस पडताळणी त्या पत्त्यावर होते.

शिफारसपत्रे दोन लागतात, आणि ती प्राध्यापकांनी स्वतः, संस्थेच्या ई-मेलवरून अपलोड करायची असतात. त्यांना किमान तीन आठवडे द्यावेत. सोबत तुमचा प्रस्ताव, गुणपत्रिका आणि त्यांच्या हाताखाली केलेल्या कामाची पाच-सहा ओळींची आठवण द्यावी. "तूच लिहून आण, मी सही करतो" असे उत्तर मिळाले, तर नम्रपणे एवढेच सांगावे की मी मुद्दे देतो, मजकूर आपला असावा. हे मी शिक्षकांनाही उद्देशून लिहितो आहे. सगळ्या विद्यार्थ्यांसाठी सारख्याच शब्दांत दिलेले पत्र कोणाच्याच कामाचे नसते. एका प्रयोगात ती मुलगी कशी चार वेळा मागे फिरली आणि पाचव्यांदा चूक शोधून काढली, हे एक वाक्य पानभर विशेषणांहून मोलाचे आहे.

सर्व सत्रांचे एकत्रित ट्रान्स्क्रिप्ट आणि श्रेणीचे टक्केवारीत रूपांतर करणारे पत्र परीक्षा विभागातून मिळते. ऑगस्टमध्येच अर्ज द्यावा. बोनाफाईड प्रमाणपत्रावर अभ्यासक्रम कधी पूर्ण होणार आहे, ती अपेक्षित तारीख नमूद करून घ्यावी.

परीक्षेशी जुळवणी

परदेशी योजना मे महिना धरून चालतात आणि आपल्या सम सत्राच्या परीक्षा अनेकदा मे-जूनपर्यंत लांबतात. म्हणूनच पत्रातच जूनच्या मध्यापासूनची तारीख सुचवावी. परतताना नवे सत्र सुरू झालेले असेल, तेव्हा हजेरीची सवलत आणि अंतर्गत मूल्यमापनाची पर्यायी तारीख यांबद्दल प्राचार्यांचे लेखी पत्र जाण्यापूर्वीच घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. सप्टेंबरमध्ये परत आल्यावर विभागप्रमुख बदललेले असू शकतात. परदेशातील काम प्रकल्पाच्या श्रेयांकांत धरले जाईल का, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

व्हिसा आणि पैसा

युरोपातील शेंगेन देशांत अल्पमुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपुरता असतो. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस, त्यामुळे प्रकल्प त्यात बसतो. पण आधी-नंतर फिरण्याचा बेत जोडला की मर्यादा ओलांडते, आणि त्याहून मोठ्या मुक्कामाला त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. पगार किंवा भत्ता मिळणाऱ्या कामाला कोणता व्हिसा लागू होतो, हे यजमान संस्थेच्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. अल्पमुदतीच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. अमेरिकेसाठी संस्थेकडून डीएस-२०१९ हा फॉर्म आल्यावर जे-१ व्हिसासाठी अर्ज करायचा असतो.

बोटांचे ठसे किंवा मुलाखतीसाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोहोचते खरी, पण गाडीला उशीर होण्याची शक्यता धरून सकाळची पहिली वेळ न घेता दुपारची घ्यावी, किंवा आदल्या दिवशीच जावे.

पैशांच्या बाबतीत पालकांना सुरुवातीलाच विश्वासात घ्या आणि एक गोष्ट स्पष्ट सांगा : शिष्यवृत्ती पूर्ण असली तरी तिचा पहिला हप्ता बहुधा तेथे पोहोचून बँक खाते उघडल्यावर मिळतो. व्हिसा शुल्क, विमा, पुणे-मुंबईच्या फेऱ्या, खोलीची अनामत आणि पहिल्या महिन्याचा खर्च आधी घरातून करावा लागतो, आणि काही योजनांत विमानाचे भाडेही नंतर परत मिळते. ही रक्कम परत येणारी असली तरी ती एप्रिल-मेमध्ये हाताशी असावी लागते. उसाचे बिल कधी जमा होणार यावर घरचा हिशोब अवलंबून असेल, तर हा मुद्दा डिसेंबरमध्येच बोलून घ्यावा. अडचण असल्यास निवडपत्र मिळताच योजनेच्या कार्यालयाला आगाऊ रकमेबद्दल लिहावे. अशी विनंती करण्यात कमीपणा नाही.

नमुने सोबत नेण्याआधी

माती, वनस्पती, बुरशी किंवा जिवाणूंचे नमुने बॅगेत टाकून नेता येत नाहीत. जैवविविधता कायदा, २००२ नुसार परदेशातील संशोधनासाठी जैविक साहित्य नेताना चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे रीतसर अर्ज करावा लागतो, आणि यजमान देशाचा आयात परवानाही आवश्यक असू शकतो. अभयारण्यातून काहीही गोळा करण्यासाठी वनविभागाची परवानगी वेगळी. या सर्वांना महिने लागतात. म्हणून पदवीच्या विद्यार्थ्याने शक्यतो मोजमापे, छायाचित्रे आणि नोंदी न्याव्यात. माणसांच्या मुलाखती घेतल्या असतील, मग ते चप्पल कारागीर असोत की पूरग्रस्त कुटुंबे, तर त्यांची संमती मराठीत, त्यांना समजेल अशा शब्दांत घेतलेली असावी, आणि माहितीतून नावे काढूनच ती परदेशी संगणकावर जावी.

तेथे गेल्यावर

पहिल्या आठवड्यात मार्गदर्शकांशी तीन गोष्टी बोलून घ्याव्यात : आठवड्यातून कोणत्या दिवशी भेटायचे, दैनंदिन प्रश्न कोणाला विचारायचे, आणि या कामातून निबंध झाला तर लेखकांत नाव असण्याचा निकष काय. आपल्या संस्कारांमुळे मोठ्यांना असे विचारणे उद्धटपणाचे वाटते. तेथे ते व्यवस्थितपणाचे लक्षण मानतात. तसेच "समजले नाही" हे तिसऱ्या दिवशी सांगावे, तिसऱ्या आठवड्यात नव्हे. रोजची नोंदवही तारखेसह ठेवावी आणि निघताना कोणती माहिती सोबत नेता येईल, याची परवानगी ई-मेलवर घेऊन ठेवावी, कारण चौथ्या वर्षाच्या प्रकल्पात ती वापरताना हाच पुरावा लागतो.

परतल्यावर महिनाभरात अहवाल पूर्ण करावा; सत्र रुळले की तो मागे पडतो. एक प्रत योजनेला, एक शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना, आणि एक छापील प्रत आपल्या विभागाच्या कपाटात ठेवावी. तिच्या शेवटी दोन पाने वेगळी जोडावीत : किती प्राध्यापकांना लिहिले आणि किती जणांनी उत्तर दिले, व्हिसाला प्रत्यक्षात किती दिवस लागले, पहिला हप्ता कोणत्या तारखेला मिळाला, घरून किती रुपये न्यावे लागले, आणि कोणत्या कागदासाठी कोणत्या खिडकीवर किती फेऱ्या झाल्या. पुढच्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या वर्षाचा जो विद्यार्थी विभागात येईल, त्याच्या हाती ही दोन पाने सर्वांत आधी द्यायची आहेत.